दगडांची रांग जिथे संपते

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय शैलाताई, लंडन कसं आहे?" लंडन चांगलं आहे. स्वच्छ आहे, गार आहे, आणि तिथे रांगेत मध्ये घुसलं तर माणसं काही न बोलता अशी बघतात की पुन्हा घुसायची छाती होत नाही. याहून जास्त मला लंडनचं सांगता यायचं नाही. विलायतेत मी जे पाहिलं आणि अजून डोळ्यांपुढून हलत नाही, ते लंडनहून मोटारीने चारेक तासांवर, पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावात पाहिलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना मी विचारलेलं नाही, आणि त्यांच्या घरातलं बरंच काही यात आलं आहे.

मी हर्णैची. माहेर समुद्रावर, सासरही समुद्रावर. वाडीच्या मागच्या अंगाला तीन खोल्या बांधून आम्ही दोघं नवरा-बायको आता मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांची सोय करतो. मला समुद्र दाखवून कुणी हादरवेल असं कुणी म्हणालं असतं, तर मी हसले असते.

हॅरो

माझा धाकटा भाऊ माधव डॉक्टर होऊन तिकडच्या हॉस्पिटलात गेला आणि लंडनच्या हॅरो भागात स्थायिक झाला, त्याला वीसेक वर्षं झाली. तो गेला तेव्हा नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. गेल्या वर्षी त्याने मला तिकीट पाठवलं आणि फोनवर म्हणाला, "ताई, ये गं. एक कामही आहे तुझ्याकडे."

घरात तो, त्याची बायको विद्या आणि कॉलेजात जाणारी मुलगी गौरी. मी पिशवीत सुके बोंबील नेले होते. पहिल्याच दुपारी ते भाजायला घेतले आणि छताला चिकटवलेलं एक पांढरं डबडं किंचाळायला लागलं. मला वाटलं घरात चोर शिरला. विद्या खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालू लागली, गौरीने सगळ्या खिडक्या उघडल्या.

"आत्या, तुम्ही घाबरू नको. हा फक्त स्मोक अलार्म आहे. ती असाच ओरडतो," गौरी म्हणाली. तिचं मराठी असं. समजतं सगळं, पण तो-ती-ते यांचा मेळ काही बसत नाही.

शेजारीण कुंपणापाशी येऊन "सगळं ठीक आहे ना?" म्हणून विचारायला लागली, आणि वास पोचताच दोन पावलं मागे सरकली. बोंबील मात्र छान झाले. माधवने चार खाल्ले.

रात्रीच्या जेवणानंतर त्याने टेबलावर एक गुळगुळीत कागदाचं, चित्रांचं पुस्तक ठेवलं. समुद्रकाठी नवी घरं होत होती. बुटकी, लाकडी, काचेची. वरती मोठ्या अक्षरांत काहीतरी होतं.

"रिस्पॉन्सिबल कोस्टल लिव्हिंग," गौरीने वाचलं. "म्हणजे... जबाबदार समुद्र? आय डोन्ट नो, आत्या."

"जबाबदारीने बांधलेली घरं," माधव म्हणाला. "समुद्राला, पाखरांना, गावातल्या माणसांना त्रास न देता. ताई, त्यातलं टोकाचं, शेवटचं घर मी बुक केलंय. रिटायर झालो की सकाळी डोळे उघडल्यावर समुद्र दिसला पाहिजे. इतकी वर्षं नाइट ड्युट्या केल्या त्या कशासाठी? हर्णैला परत येऊन आता मला ओळखणार कोण? तू फक्त जागा बघून सांग. समुद्र कुठवर येतो आणि कुठे येत नाही, ते तुला कळतं."

विद्या सिंकपाशी भांडी धूत होती. तिची पाठ आमच्याकडे होती आणि ती एकच पातेलं बराच वेळ घासत होती.

गाव

माधवने आठवड्याची सुट्टी काढली आणि आम्ही चौघं गेलो. उतरलो ते एका बाईच्या घरी. तीही माझ्यासारखीच खोल्या भाड्याने देणारी, त्यामुळे मी तिच्या चादरींच्या घड्या बघून घेतल्या. न्याहारीला तिने धुरावलेला मासा वाढला. किपर म्हणतात त्याला. बाकीचे पाहुणे काट्या-सुरीने त्याच्या काट्यांशी झगडत होते. मी हातांनी सरळ सोलला. बाई चहाची किटली हातात धरून बघत राहिली आणि म्हणाली, "इतका स्वच्छ सांगाडा मी आजवर पाहिला नाही."

समुद्र मात्र पसंत पडला नाही. चहात दूध जास्त झाल्यासारखा रंग. ओहोटी लागली की इतका लांब जातो की आता परत येतो की नाही असं वाटतं. आणि वारा असा, की सप्टेंबरात मी विद्याचे दोन स्वेटर एकावर एक चढवले होते.

ती घरं बांधणाऱ्याचं नाव कॉलिन. तिकडे सगळे एकमेकांना पहिल्याच नावाने हाक मारतात, म्हणून मलाही तेवढंच ठाऊक. पन्नाशीचा, शांत, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला माणूस. मुंबईचे बिल्डर आमच्या किनाऱ्यावर जमिनी बघायला येतात, ते मोटारीतून खाली उतरत नाहीत. हा आम्हाला चिखलातून चालवत प्रत्येक गोष्ट दाखवत होता.

आणि काय काय दाखवलं! घरांच्या छपरांवर गवत उगवलेलं, लांबून घर आहे हे कळूच नये म्हणून. बाहेरच्या दिव्यांना टोप्या, रात्री पाखरांची दिशा चुकू नये म्हणून. वाळू धरून ठेवणारं गवत मजुरांनी एकेक काडी करून लावलेलं. घरांना कुंपण नाही, आणि समुद्राच्या बाजूने सगळ्यांसाठी पायवाट.

"म्हणजे या श्रीमंतांच्या ओटीसमोरून कुणीही जायचं?" मी माधवला विचारलं. त्याने कॉलिनला इंग्रजीत सांगितलं.

"जायचं म्हणजे, गेलंच पाहिजे," कॉलिन म्हणाला. "इथले लोक कायम इथून गेलेत."

मागच्या रांगेत साधी घरं होती, गावातल्या माणसांसाठी, परवडेल अशा भाड्याची. आणि सगळ्यात नवल म्हणजे विकत घेणाऱ्याने सही करायची एक अट. समुद्र ठरलेल्या अंतराच्या आत आला, तर घर मालकानेच उतरवून न्यायचं. म्हणून घर सगळं बोल्टांवर जोडलेलं. घर विकतानाच ते मोडायचं कसं, हे सांगणारा बिल्डर मी जन्मात पाहिला नव्हता.

घरांच्या पुढ्यात, किनाऱ्यालगत, मोठमोठ्या काळ्या दगडांची रांग होती. एकेक दगड आमच्या खोलीएवढा. नॉर्वेहून बोटीवर घालून आणलेले. "हे असेपर्यंत तुमच्या घराला काळजी नाही," कॉलिन म्हणाला. पण हे बोलताना तो माधवकडे नाही, दगडांकडे बघत होता. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं, अर्थ लागला नाही.

माधवचा प्लॉट अगदी शेवटचा. त्याने चार काठ्यांच्या मध्ये उभं राहून हात पसरले. "इथे बेडरूम, ताई!"

मला जागा आवडली. मी तसं सांगूनही टाकलं.

दगडांच्या पलीकडे

सवयीने मला पहाटे जाग येते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, उजाडल्यावर मी गौरीला उठवलं आणि आम्ही वाळूवर उतरलो. दगडांच्या कडेकडेने चालत गेलो. माधवचा प्लॉट मागे पडला, रांग संपली, आणि मी जागच्या जागी थांबले.

दगड संपले तिथून जमीनच नव्हती. म्हणजे होती, पण कुणीतरी भाकरीचा मोठा लचका तोडावा तशी आत आत गेलेली. उभा कडा, ओल्या तांबूस मातीचा, ताजा. त्यातून नळाचे पाइप हवेत बाहेर आलेले. वर एक डांबरी रस्ता सरळ येत होता आणि कड्यावर तुटत होता. त्याच्या मधोमध आखलेली पांढरी रेघ अगदी काठापर्यंत नीट होती. खाली वाळूत विटा, एक दरवाजा, बाळाच्या खोलीत भिंतींना लावतात तसल्या कागदाचा चिकटलेला तुकडा.

आमच्याकडेही समुद्र जमीन खातो. दोन माड आज गेले, चार पुढल्या वर्षी. पण ते हळूहळू. माणूस त्याच्याबरोबर मागे सरकतो. आमची जुनी घरं तर समुद्राकडे तोंड करून बांधतच नाहीत. आधी सुरूचं बन, मग वाडी, मग घर, आणि घराचं तोंड रस्त्याकडे. पण हे जे होतं त्याला हळूहळू म्हणता येत नव्हतं.

"अहो, तिथून बाजूला व्हा! आधी बाजूला व्हा!"

वरून एक म्हातारी बाई ओरडत होती. आम्ही मागे पळालो. आम्ही उभ्या होतो तिथे वरून मातीचं ढेकूळ पडलं, फार मोठं नाही, पण डोक्यात बसलं असतं तर मी हे लिहायला राहिले नसते.

बाई वर कपडे वाळत घालत होती. तिने हाताने वाट दाखवली आणि आम्ही शेतातून वळसा घालून वर गेलो. बैठं घर, ठेंगणं, आणि त्याच्या मागच्या भिंतीपासून कडा इतका जवळ की कपड्यांची दोरी आता घराच्या पुढच्या बाजूला बांधावी लागली होती.

तिचं नाव आयव्ही. ऐंशीच्या आसपासची. आधी तिने आम्हाला रागावून घेतलं, मग चहा केला. लंगडत होती. एका पायाच्या घोट्यावर तिने किचनमधल्या फडक्याची पट्टी गुंडाळली होती आणि ती ओली दिसत होती.

"ती एकटा राहतो इथे?" गौरी माझ्या कानात म्हणाली.

आयव्हीने विचारलं तशी मी सांगितलं की मीही समुद्रावरची, आणि माझा भाऊ तिकडे घर घेतोय. तिने कप खाली ठेवला. "दगडांच्या मागे?"

"हो. शेवटचं."

"छान घरं आहेत ती," ती म्हणाली. मग खिडकीतून बोट दाखवत तिने सांगायला सुरुवात केली. या रस्त्यावर पाच घरं होती. दगड टाकायच्या आधीही समुद्र यायचा, दरवर्षी थोडा. तिच्या मागे बाग होती, काचेचं घर होतं टोमॅटोसाठी, कोंबड्यांचं खुराडं होतं. तिकडे दगड टाकले आणि पाणी तिथून उलटून इथे मारायला लागलं. शिवाय तिकडच्या कड्याची माती सुटून इकडे वाळू होऊन यायची, तीही बंद झाली. दोन घरं गेली. तिसरं तिचं.

"मग सरकार काही देत नाही?" मी विचारलं. आमच्याकडे वादळ झालं की तलाठी पंचनामा करायला तरी येतो.

ती हसली. "देत नाही. घेतं. पडायच्या आधी कौन्सिल येऊन घर पाडून नेतं आणि पाडण्याचं बिल मला लावतं."

मला वाटलं, माझ्या इंग्रजीने घोटाळा केला. मी गौरीकडे पाहिलं. गौरीने पुन्हा विचारलं. तेच उत्तर. कौन्सिल म्हणजे तिकडची नगरपालिका. इतक्या श्रीमंत देशात ज्या बाईचं घर समुद्र नेतो, तिलाच ते पाडण्याचे पैसे भरावे लागतात! मी चहाचा कप खाली ठेवला.

"गावाच्या हॉलमध्ये मीटिंग झाली होती," आयव्ही म्हणाली. "मोठा नकाशा लावला होता. दगड कुठवर टाकायचे ते एक जण काठीने दाखवत होता. काठी इथे, आमच्या रस्त्याच्या अलीकडे थांबवली आणि म्हणाला, या रेषेपलीकडे जपण्यासारखं विशेष काही नाही. मी दुसऱ्या रांगेत बसले होते."

रविवारची दुपार

खोलीवर आले ती मी माधववर बरसलेच. सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, आणि त्याच्या ऐकण्यातच मला कळलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"ताई, कॉलिनने सगळ्यांना सांगितलंय. लपवलेलं नाहीये काही. इकडे राखलं की तिकडे जातं, असंच असतं कोस्टचं. कुठेतरी लाइन आखावीच लागते."

"आणि ती म्हातारी?"

"तिला मागच्या रांगेत घर देऊ केलंय. फुकट, जन्मभर. तीच नाही म्हणते. आता ती हट्टीपणा करते त्याला मी काय करू?"

मला माझ्या भावाचा इतका राग कधी आला नव्हता. लहानपणी त्याने माझी कर्णफुलं विहिरीत टाकली होती तेव्हासुद्धा नाही. मी म्हणाले, चल कॉलिनकडे, मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.

आम्ही चौघंही गेलो तेव्हा कॉलिन त्याच्या पत्र्याच्या ऑफिसात होता. मी सरळ विचारलं, माधवने भाषांतर करायची वाट न बघता, माझ्या मोडक्या इंग्रजीत. ती बाई घर का घेत नाही?

त्याने हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "कारण नकाशापुढे काठी घेऊन मी उभा होतो. ते वाक्य माझं." आणि पुढे, "ती माझी आई आहे."

विद्याने तोंडावर हात ठेवला. माधव खाली बसला. हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"इंजिनियरच्या भाषेत तसंच म्हणतात," कॉलिन म्हणाला. "किती घरं, किती किंमत, त्याचा हिशोब मांडायचा असतो. मी हिशोब वाचून दाखवत होतो. वाचताना समोर ती बसली आहे हे मला दिसत होतं. तरी वाचलं."

बाहेर पाऊस लागला होता. आम्ही तसेच भिजत खोलीवर आलो.

सोमवार

पाऊस रात्रभर पडला. सकाळी उघडीप झाली तेव्हा मी माधवला म्हणाले, "घराचं राहू दे. तिचा पाय बघ. तू डॉक्टर आहेस ना?"

तो बॅग घेऊन आला, विद्या आणि गौरीही बरोबर आल्या. आयव्हीच्या बैठकीच्या खोलीत गुडघ्यांवर बसून त्याने ती पट्टी सोडवली. जखम जुनी होती, चिघळलेली. "हे किती दिवस असं ठेवलंत?" तो रागावला. आणि ती ऐंशी वर्षांची बाई शाळेतल्या मुलीसारखी गप्प बसून त्याचं रागावणं ऐकून घेत होती. त्याने जखम धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली. पट्टीची शेवटची गाठ मारत असतानाच आवाज झाला.

तो आवाज कसा होता ते मला सांगता येत नाही. स्फोटासारखा नव्हता. ओला, जड, लांबलेला, आणि त्याच्यामागून काचा फुटल्याचा. जमीन पायाखाली हलली. मागच्या खोलीचं दार आपोआप उघडलं आणि दारातून समुद्र दिसला. तिथे एक अख्खी भिंत असायला हवी होती.

"बाहेर!" माधव ओरडला. त्याने आयव्हीला सरळ उचललं. मी आणि गौरीने हाताला येईल ते घेतलं. मी काय घेतलं असेल? चहाची किटली आणि तिचा रेनकोट. विद्याने मात्र शेल्फावरचे फोटो पदरात घेतल्यासारखे कोटात भरले.

रस्त्यावर उभं राहून आम्ही पाहिलं. घराची मागची बाजू गेली होती. बाथटब दोन पाइपांना लटकून हवेत होता, नळ अजून गळत होता. मी रस्त्यावरच बसले.

आयव्ही बघत राहिली. मग म्हणाली, "आणि तो टब मी आज सकाळीच पुसला होता."

कॉलिन पळत आला. धापा टाकत तिच्यापुढे उभा राहिला. त्याने हात पुढे केला, तिने तो धरला नाही, झटकलाही नाही. "पुढे जाऊ नकोस," ती मुलाला म्हणाली. "तुझी खोली तिकडेच होती, ती आता नाहीये."

तो माणूस तिथे, सगळ्यांसमोर, तोंड फिरवून रडला. इंग्रज माणूस असा रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आयव्ही आमच्या गाडीत बसली आणि आमच्याच घरमालकिणीकडे राहायला आली.

हॉलमधली मीटिंग

दोन दिवसांनी कॉलिन आमच्याकडे आला. इंजिनियरने पूर्वीच सुचवलेला एक मार्ग होता. दगडांची रांग अशी एकदम संपवायची नाही. टोकाचे दगड उचलून ती अलीकडेच थांबवायची आणि शेवटी उतरती, बुटकी करत न्यायची, म्हणजे पाण्याचा मार एकाच जागी बसत नाही. आयव्हीचं घर परत येणार नव्हतं. पण तिच्या मागची दोन घरं आणि पुढचं शेत बरीच वर्षं टिकलं असतं. मात्र मग समुद्राकडचे शेवटचे तीन प्लॉट सोडावे लागणार होते. सगळ्यात महाग तेच होते, म्हणून त्याने तेव्हा ते मान्य केलं नव्हतं. त्यातले दोन अजून विकले गेले नव्हते.

"तिसरा तुमचा," तो माधवला म्हणाला. "तुमची सही झालेली आहे. तुम्ही नाही म्हणालात, तर मला काही करता येणार नाही. आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी तुम्हाला दोषही देणार नाही."

तो गेल्यावर माधव भडकला. "म्हणजे आता सगळं माझ्या डोक्यावर! मीच व्हिलन! मी काय चोरी केली? एक घर मागितलं, एक खिडकी मागितली समुद्राची!"

तेव्हा विद्या बोलली. इतके दिवस ती या घराबद्दल चांगलं-वाईट काही बोलली नव्हती.

"अहो, तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का? मला इथे यायचंच नाहीये. माझ्या मैत्रिणी हॅरोत आहेत, गौरी तिथे आहे. इथे मी कुणाशी बोलू, त्या काचेशी? तुम्हाला आवडतंय म्हणून गप्प बसले. पण आता त्या खिडकीत उभं राहून मला समुद्र नाही दिसणार. तो टब दिसेल."

माधवने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. वीस वर्षांच्या संसारात त्याला हे ठाऊक नव्हतं. मला वाटतं, त्या सगळ्या आठवड्यात सगळ्यात मोठा धक्का त्याला तोच बसला.

संध्याकाळी गावाच्या हॉलमध्ये मीटिंग होती. लाकडी खुर्च्या, कोपऱ्यात चहाची मोठी टाकी, बिस्किटं. तोच नकाशा लावला होता. कॉलिन काठी न घेता उभा राहिला.

"मागच्या वेळी मी इथे म्हणालो होतो की या रेषेपलीकडे जपण्यासारखं विशेष काही नाही. ते खोटं होतं." मग त्याने त्या रस्त्यावरच्या पाचही घरांची नावं घेतली, एकेक करून. तिकडे घरांना नंबरऐवजी नावं असतात. कोण राहायचं, कोण कुठे गेलं, तेही सांगितलं. शेवटी स्वतःच्या घराचं नाव घेतलं आणि म्हणाला, "माझा जन्म तिथला."

मला वाटलं होतं लोक टाळ्या वाजवतील. कुणी वाजवल्या नाहीत. एक माणूस उठून ओरडला, "दगड कमी करणार? आणि आमच्या कार पार्कचं काय?" दुसरी एक बाई म्हणाली, तिच्या चिप्सच्या दुकानाला आत्ता कुठे गिऱ्हाईक लागलंय. कुणीतरी म्हणालं, ज्याच्या प्लॉटमुळे अडलंय तो डॉक्टर कुठाय? सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. त्या खोलीत आम्ही चौघंच काळेसावळे होतो.

माधव उठला. हॉस्पिटलात शेकडो माणसांशी बोलणारा माझा भाऊ, पण त्याने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "शेवटचा प्लॉट माझा आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "तो काढून टाका. माझी संमती आहे." आणि खाली बसला.

आभार कुणी मानले नाहीत. मागून कुणीतरी पुटपुटलं, "हे बाहेरचे आता आम्हाला शिकवणार." मी ते ऐकलं, माधवनेही ऐकलं. पलीकडे बसलेल्या आयव्हीने पर्समधून पेपरमिंटची पुडी काढली, आधी त्याला एक दिली, मग आम्हा सगळ्यांना.

आयव्ही मागच्या रांगेतल्या घरात राहायला गेली का, असं मला इथे सगळे विचारतात. लगेच नाही गेली. थंडीचे दिवस तिने घरमालकिणीकडेच काढले. वसंत ऋतूत गेली, असं माधवने फोनवर सांगितलं. कॉलिन रोज सकाळी तिच्याकडे न्याहारीला जातो म्हणे. दोघं फारसं बोलत नाहीत.

निघायच्या दिवशी

सामान गाडीत भरलं होतं. माधव दिसेना. मी शोधत वाळूवर उतरले, तर तो पाण्याजवळ उभा होता. नाहीशा होणाऱ्या त्या प्लॉटकडे त्याची पाठ होती.

"ताई," तो म्हणाला, "इतक्या वेळा इथे आलो. खिडकी कुठे, पलंग कुठे, सगळं मोजलं. पण मी अजून एकदाही पाण्यात पाय घातला नाही गं."

"मग घाल की."

"थंड असेल."

"असू दे."

त्याने बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्याचे पाय पांढरेफटक झाले होते. वीस वर्षांत त्यांना ऊन लागलं नव्हतं. तो दोन पावलं आत गेला आणि अशी आरोळी ठोकली की कुत्र्यांना फिरवणाऱ्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. हर्णैच्या बंदरावर पोरं ओरडतात, अगदी तशी आरोळी. मग तो हसायला लागला, आणि हसत हसत आणखी आत गेला.

मी त्याचे बूट हातात धरून काठावर उभी राहिले. गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. मी त्याला हाक मारली नाही.